निथळणी

लाँड्रीत पाऊल टाकलं की आधी वाफ भेटायची, माणसं मागाहून. शहरातल्या हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी मळक्या गाठोड्यांतून एका दाराने आत येत आणि कडक घड्या होऊन दुसऱ्या दाराने बाहेर जात. मधल्या लांबलचक दालनात ओळीने धुण्याची यंत्रं, त्यापुढे पिळण्याची, त्यापुढे तापलेले रोलर आणि मागच्या भिंतीपलीकडे बॉयलरची खोली. या सगळ्यावर मुकादमांचा शब्द चाले. मालक वर काचेच्या खोलीत बसत, पण कुणाला रजा हवी असली, कुणाचं भांडण विकोपाला गेलं किंवा कुणाच्या अंगात ताप भरला, तर माणसं वर न जाता सरळ मुकादमांपुढे उभी राहत.

तापावर मुकादमांचा एकच इलाज होता. लाँड्रीत त्याला ‘निथळणी’ म्हणत.

निथळणी म्हणजे असं. ज्याला ताप आला असेल त्याने घरी जायचं नाही. रोलरवरून नुकती उतरलेली गरम चादर त्याच्या खांद्यावर टाकायची आणि त्याला बॉयलरच्या खोलीत पाठवून दार लावून घ्यायचं. तिथे एक जुनं यंत्र होतं. त्यात जाडजूड ब्लँकेटं धुतली जात आणि ती हातानेच उपसावी लागत. पाणी प्यायलेलं ब्लँकेट उचलणं म्हणजे झोपलेला माणूस उचलणं. तर आजाऱ्याने एकट्याने तो सगळा घाणा, म्हणजे एका वेळची सगळी ब्लँकेटं, बाहेर काढायचा. खांद्यावरची चादर पिळली की धार लागली पाहिजे, तोवर बाहेर यायचं नाही. मग बाहेर येताच सगळं दालन टाळ्या वाजवी, रोलरवरची मावशी गरम चहाचा पेला पुढे करी आणि मुकादम पाठीवर थाप मारून म्हणत, “निथळला. आता ताप याच्या वाटेला जाणार नाही.”

हे त्यांनी काही पुस्तकात वाचलेलं नव्हतं. ते स्वतः लाँड्रीत नवे असताना त्यांना ताप आला होता आणि त्या वेळच्या मुकादमाने त्यांना असंच बॉयलरपाशी कोंडलं होतं. दुसऱ्या दिवशी ते ठणठणीत झाले. झालं, तिथून तो इलाज त्यांच्या डोक्यात पक्का बसला. ताप दुसऱ्या दिवशी आपला आपणही उतरला असता, हा विचार त्यांच्या मनाला शिवला नाही. शिवला असता तरी त्यांनी तो हाकलला असता. कारण निथळणीवरच त्यांचा दरारा उभा होता. एवढ्या वर्षांत त्यांनी आजारपणाची रजा घेतली नव्हती. “मुकादमांकडे बघा,” असं लोक म्हणत, आणि मुकादम ते ऐकू न आल्यासारखं करून ऐकत.

त्या थंडीत खोकल्याची साथ आली. निम्मं दालन खाकरत होतं आणि बॉयलरच्या खोलीपुढे जणू रांग लागली होती. मुकादमांनाही ताप आला. त्यांनी आपल्या हाताने चादर खांद्यावर घेतली, आत गेले आणि नेहमीपेक्षा मोठा घाणा उपसून बाहेर आले. टाळ्यांचा कडकडाट झाला. बॉयलरवाला तर शिट्ट्या मारत सुटला. हा बॉयलरवाला म्हणजे त्यांचा मेव्हणा, बायकोचा धाकटा भाऊ. आडवा बांधा, कायम तापलेला चेहरा आणि तोंडाची वाफ कधी न थांबणारी, म्हणून त्याला सगळे ‘बंब’ म्हणत.

“दाजी, तुम्हाला मरण नाही,” बंब म्हणाला. “यमदूत आला तर त्याचीच चादर धुऊन परत पाठवाल.”

ताप गेला. पण जाताना काहीतरी मागे ठेवून गेला.

आधी नुसता थकवा होता. मग जिना अंगावर येऊ लागला. त्यांचं घर दुसऱ्या मजल्यावर. मधल्या वळणावर विजेचे मीटर होते. मुकादम तिथे थांबत आणि मीटरवरचे आकडे बघत असल्याचं सोंग करत. बायको वरून वाकून बघे.

“अहो, त्या मीटरला काय नवस बोललात? रोज दर्शन घेताय ते!”

“वीज फार जळतेय,” मुकादम म्हणत. बोलता बोलता त्यांना मध्येच श्वास घ्यावा लागे.

मग संध्याकाळी बूट पायांतून निघेनात. घोट्यावर बोट दाबलं की खळगा पडे आणि तो भरून यायला वेळ लागे. आडवं पडलं की गुदमरायला होई, म्हणून त्यांनी उशीवर उशी घेतली. आणि छातीत तो आवाज. पिळण्याच्या यंत्रात चादरी एका बाजूला गोळा झाल्या की पिंप फिरताना धडधड धडधड आपटतं, हे त्यांना माहीत होतं. असं झालं की ते दालनाच्या दुसऱ्या टोकावरून ओरडत, “बंद कर, मोडेल!” आता तसलंच काहीतरी त्यांच्या बरगड्यांत आपटत होतं, मध्येच एक ठोका गिळत होतं, आणि ते कुणावर ओरडणार?

बायकोने दोनदा डॉक्टरकडे चला म्हटलं. दोन्ही वेळा त्यांनी तिला उडवून लावलं. तिसरी वेळ तिच्यावर आलीच नाही. एका दुपारी ओल्या चादरींची गाडी ढकलताना मुकादम थांबले, गाडीची कड धरून हळूच खाली बसले आणि पांढरेफटक पडले. बंबाने त्यांना पाठुंगळीला मारलं आणि दवाखान्यात आणलं. परत जाताना त्याला एवढंच कळलं होतं की दाजींना ठेवून घेतलंय.

दवाखान्यात आधी सगळ्यांना हृदयविकाराचा झटका वाटला. रक्त तसंच बोलत होतं, छातीचा आलेखही. रक्तवाहिन्यांत नळी घालून तपासणी झाली आणि संध्याकाळच्या आत डॉक्टरबाई पलंगाशी येऊन उभ्या राहिल्या. त्या वयाने मुकादमांच्या थोरल्या मुलीएवढ्या असतील, पण नजर अशी की समोरच्याने आपोआप नीट बसावं.

“तुमच्या रक्तवाहिन्या अगदी मोकळ्या आहेत,” त्या म्हणाल्या.

“मग सुटलो म्हणायचं,” मुकादम म्हणाले.

“नाही ना. तिथे अडथळा असता तर काढता आला असता. तुमच्या हृदयाचा स्नायूच सुजलाय. निम्म्या ताकदीनंसुद्धा चालत नाहीये तो. एवढ्यात ताप येऊन गेला होता का?”

“आला होता. घालवला.”

“घालवला म्हणजे?”

बायकोने त्यांच्याकडे बघितलं.

“घाम काढला,” ते अखेर म्हणाले. “जरा काम केलं.”

डॉक्टरबाईंनी स्टूल ओढलं आणि त्या बसल्या. डॉक्टर उभ्याने बोलले तर बरं असतं, बसले की काहीतरी मोठं असतं, एवढं बायकोला कळत होतं. तिने पदर घट्ट धरला.

“असं बघा,” डॉक्टरबाई म्हणाल्या, “तो ताप विषाणूचा होता. विषाणू हृदयापर्यंत पोचला. आपल्या रक्तात पहाऱ्याच्या पेशी असतात. विषाणू शिरलेली पेशी दिसली की ती मारायची, हे त्यांचं काम. त्यांनी ते चोख केलं. पण हृदयाच्या पेशी मेल्या की त्यांच्या आतलं बाहेर सांडतं. एरवी ते पहारेकऱ्यांच्या नजरेस पडत नाही. ते बघून काही वेळा त्यांची ओळखच चुकते. चोर कधीच निघून गेलेला असतो आणि हे घरच्या माणसालाच चोर समजून झोडपत राहतात.”

“म्हणजे कुंपणानंच शेत खाल्लं म्हणा,” बायको म्हणाली.

“हो. आणि अजून खातंय. किती खाईल, ते आज मला सांगता येत नाही.”

“मग त्या पहारेकऱ्यांना आवरायचं औषध द्या ना!”

“आहे तसं औषध. पण सरसकट देत नाहीत. आत विषाणू अजून दडलेला असला आणि मी पहारा उठवला, तर त्याला रान मोकळं. म्हणून आधी हृदयाचा एक इवलासा कण काढून तपासायचा. तोवर हृदयाला आधार देणाऱ्या गोळ्या आणि पूर्ण विश्रांती. पलंगावरून उठायचंसुद्धा विचारून.”

“बरं कधी होईल?” मुकादमांनी विचारलं.

“काहीजण पूर्ण बरे होतात. काहींचं हृदय सैल पडतं, ते पुन्हा आवळत नाही. आणि काहींच्या ठोक्यांची लय एकदम बिघडते.” त्या जरा थांबल्या. “म्हणून ही यंत्रं लावलीत.”

त्या गेल्यावर मुकादम अंगावरच्या चादरीकडे बघत पडून राहिले. चादर त्यांच्याच लाँड्रीतली होती, काठाची शिवण त्यांनी ओळखली. चोर आणि पहारेकरी त्यांच्या डोक्यात नीट बसत नव्हते. बसलं ते ब्लीच. डाग काढायला ब्लीच घालावंच लागतं, पण डाग गेल्यावर ते धुऊन काढलं नाही तर ते थांबत नाही, सूत खायला लागतं. बाहेरून काही दिसत नाही. उलट अशी चादर सगळ्यांत शुभ्र दिसते. मग एक दिवस घडी घालताना अंगठा आरपार जातो. आणि पाणी गरम असलं तर ब्लीच दुप्पट वेगाने खातं.

गरम. मुकादमांनी अंगावरची चादर दूर सारली.

सकाळी डॉक्टरबाई आल्या तेव्हा मुकादमांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, “डॉक्टर, तापात अंगमेहनत केली तर हे वाढतं का हो?”

“वाढतं. तापात नको आणि ताप उतरल्यावरही काही दिवस नको. सुजलेल्या हृदयाला पळवलं की सूज वाढते. कधीकधी तरणीताठी माणसं उभ्या उभ्या कोसळतात. का हो?”

“नाही, असंच.”

असंच नव्हतं. गाठोडी उचलणारा एक गडी होता, त्याला सगळे पैलवान म्हणत. मागे एकदा तापातून निथळून तो हसत हसत बाहेर आला होता आणि मुकादमांनीच पहिली टाळी वाजवली होती. पुढे काही दिवसांनी माल चढवताना तो कोसळला. तिशीसुद्धा उलटली नव्हती. लोक म्हणाले, नशीब. मुकादमही म्हणाले होते, नशीब. आता ते छताकडे बघत होते आणि पैलवानाच्या बायकोचा चेहरा आठवायला नको म्हणून पंख्याची पाती न्याहाळत होते.

दुपारी त्यांनी बायकोला जवळ बोलावलं.

“लाँड्रीत काय सांगितलंस?”

“अजून काही नाही. बंब विचारत होता.”

“पाठ धरलीय म्हणून सांग.”

“पाठ? अहो, छातीत एवढं रामायण घडलंय आणि पाठ?”

“सांगतो तसं कर. माझं हृदय बिघडलं हे कळलं तर लाँड्रीत मला कोण विचारेल? आणि ते निथळणीचं...” पुढचं त्यांना बोलवेना. “बरा झालो की मीच बंद करीन ती. हळूहळू. कुणाला कळणारही नाही.”

बायकोला ते पटलं नाही. पण आजाऱ्याशी वाद नको म्हणून तिने लाँड्रीत पाठ सांगितली. खोटं बोलताना तिची जीभ अडखळली. फोनवर मावशी म्हणाली, “अगं, रडू नकोस, पाठीनं कोण मरत नाही.”

बंब पुन्हा भेटायला आला तो चौथ्या दिवशी, दुपारच्या भेटीच्या वेळेला. येताना त्याने दाराच्या चौकटीला हात टेकला.

“काय दाजी! पाठ तुम्ही धरलीय की पाठीनं तुम्हाला?”

“बस,” मुकादम म्हणाले.

“बसतो. पण मला एक सांगा, पाठ दुखते आणि वायरी छातीला? डॉक्टरांना पुढचं-मागचं कळत नाही काय?”

“नवी पद्धत आहे.”

“असेल बाबा. आपण अडाणी. तुम्ही नसताना लाँड्रीचं काय झालंय विचारा! मालक परवा खाली आले आणि रोलरपाशी उभे राहून म्हणाले, ‘हे काय करतं?’ मावशी म्हणाली, ‘पोळ्या लाटतं.’” बंब स्वतःच हसला, हसता हसता खोकला आणि खोकल्यावर पलंगाची कड धरून राहिला.

मुकादमांनी त्याच्याकडे नीट बघितलं. कायम तांबूस असणारा चेहरा राखेसारखा झाला होता. ओठांवर घाम होता. बाहेर तर थंडी होती.

“ताप आहे तुला?”

“होता. गेला म्हणा ना. काल निथळणी घेतली.” बंबाने छाती फुगवली. “मावशीनं चादर टाकली आणि मी तुमच्याएवढाच घाणा काढला, पैज लावून. म्हटलं, दाजी नाहीत, पण त्यांची परंपरा आहे. साथ तशीच चाललीय लाँड्रीत. रोज कुणीतरी आत असतंच, कधी तर दोघं एकदम.”

मुकादमांच्या यंत्राची टकटक जरा जवळजवळ यायला लागली.

“ती निथळणी चुकीची आहे,” ते म्हणाले.

“कोण म्हणतं?”

“मी म्हणतो.”

“तुम्ही?” बंबाला हसू आवरेना. “पाठीचं दुखणं डोक्यात गेलं की काय? ताई, यांना काय खायला घालतेस?”

“बंब, चेष्टा पुरे. ताप असताना ओझं उचलायचं नसतं. त्यानं...” मुकादम पुन्हा अडले. सगळा जन्म त्या एका शब्दापाशी अडला होता. “त्यानं त्रास होतो.”

“कुणाला झाला? एकाचं नाव सांगा. तुम्हालाच बघा ना, तुम्ही घेतलीत आणि...”

“अरे, त्यांची पाठ ठणठणीत आहे!”

बायको बोलली होती. भावासमोर नवऱ्याचा शब्द तिने आजवर खाली पडू दिला नव्हता. ती खिडकीपाशी उभी होती.

“पाठीला काही झालेलं नाही. हृदय सुजलंय. निम्मंसुद्धा चालत नाहीये. तापात ती ब्लँकेटं उपसली, त्यानं आणखी बिघडलं. हे तुझ्यापासून लपवायला मला यांनीच सांगितलं. मी लपवलं, आणि तू काल आत जाऊन आलास.”

बंब दोघांकडे आळीपाळीने बघत राहिला. कुणीतरी हसेल म्हणून तो वाट बघत होता. कुणी हसलं नाही.

“ताई,” तो हळू आवाजात म्हणाला, “मला सकाळपासून इथे टोचतंय.” त्याने छातीच्या मधोमध बोटं ठेवली. “म्हटलं, ब्लँकेटं ओढली म्हणून असेल.”

मुकादम ताडकन उठून बसले. वायरी ताणल्या गेल्या, यंत्र किंचाळलं, नर्स धावत आली.

“झोपा! आधी झोपा बघू!”

“मला नको, त्याला बघा,” मुकादम म्हणाले. “त्याला ताप आहे. काल त्यानं ओझं उपसलंय. मीच शिकवलंय त्याला.”

बंबाला शेजारच्या रिकाम्या पलंगावर निजवलं. डॉक्टरबाई आल्या, त्याचा आलेख काढला आणि तो हातात धरून त्या नको इतका वेळ बघत राहिल्या. मग नर्सला हलक्या आवाजात काहीतरी सांगितलं. रक्त घेतलं गेलं.

“आज घरी जायचं नाही,” त्या बंबाला म्हणाल्या.

“बघा दाजी,” बंब म्हणाला, “बहिणीच्या नवऱ्याच्या बरोबरीचा मान मिळाला शेवटी.” पण तो छताकडे बघून बोलत होता आणि त्याचा हात चादरीची कड चुरगाळत होता.

मुकादमांनी बायकोपुढे हात केला. “फोन दे.”

“तुम्ही बोलायचं नाहीये फार. मी सांगते.”

“तुझं ऐकणार नाहीत. माझंही ऐकतील की नाही, ठाऊक नाही.”

फोन मावशीने उचलला. मागे सगळी यंत्रं गरजत होती.

“मुकादम! कशी आहे पाठ?”

“मावशी, रोलर बंद कर.”

“काय? ऐकू येत नाही!”

“रोलर बंद कर. सगळी यंत्रं बंद करायला सांग. माझा हुकूम आहे म्हणावं.”

काम चालू असताना रोलर कधी थांबलेले नव्हते. एकेक करून आवाज विझत गेले. शेवटचं पिंप फिरत फिरत थांबलं, आणि मुकादमांना कळलं की आता सगळं दालन फोनभोवती उभं आहे.

“माझी पाठ दुखत नाही,” ते म्हणाले. डॉक्टरबाई ऐकत होत्या, नर्स ऐकत होती. “मी खोटं सांगितलं. माझं हृदय बिघडलंय. तापात निथळणी घेतली, त्यानं जास्त बिघडलं. बंब माझ्या शेजारी झोपलाय, त्यालाही तेच झालं असेल. निथळणी घातक आहे. मी तुम्हाला इतकी वर्षं चुकीचं शिकवलं. आजपासून ज्याला ताप, तो घरी. ज्यांनी या साथीत घेतली असेल, त्या सगळ्यांनी दवाखान्यात येऊन दाखवून जा. जड काही उचलू नका. ऐकलंत?”

पलीकडे ओल्या चादरींतून पाणी टपकत असावं, तेवढाच आवाज येत होता.

“मावशी?”

“मुकादम,” मावशी म्हणाली, आणि तिचा आवाज ओळखू येईना, “आत्ता आत दोघंजण आहेत. दार लावलंय.”

“उघड!”

फोन टेबलावर आदळला. धावत गेलेल्या चपलांचा आवाज आला, कडी ओढल्याचा आला. मुकादमांनी फोन कानाशी घट्ट धरला. शेजारच्या पलंगावरून बंब कुशीवर वळून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होता.

लांबून मावशीची हाक ऐकू आली. एकाला. तो ‘ओ’ म्हणाला, खोकत खोकत.

मग दुसऱ्याला.

मग पुन्हा दुसऱ्यालाच.